थंड कामातली ठिणगी

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला असता काय करावे, हे आपल्या घरोघरच्या गृहिणींना आता शिकवावे लागत नाही. सिलिंडरची कळ बंद करावयाची, दारेखिडक्या उघडावयाच्या, आणि विजेच्या बटणास हात लावावयाचा नाही. दिवा लागलेला असेल तर तो तसाच राहू द्यावयाचा आणि विझलेला असेल तर तोही तसाच. या साध्या घरगुती नियमांत एक संपूर्ण शास्त्र सामावलेले आहे. वायूचा उगम आधी थांबवावा, साचलेला वायू मग घालवावा, आणि तोवर कोठेही ठिणगी पडू देऊ नये, असा त्याचा क्रम आहे. हा क्रम उलटा करून कोणी म्हणू लागले की, "आमचे बटण उत्तम प्रतीचे आहे, गॅस साचला तरी खुशाल दाबा," तर त्यास आपण शहाणा म्हणणार नाही.

परंतु हाच उलटा क्रम कारखान्यांत पुष्कळदा शहाणपण म्हणून खपून जातो. विशेषतः जेथे वीज नाही, ज्वाला नाही, इंजिन नाही, केवळ माणसाच्या हाताने ओझे उचलावयाचे आहे, तेथे धोका असेल असे कोणाच्या मनातच येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही हाताने चालणारी, खांद्यावर टाकून कोठेही नेता येणारी उचल-साधने हाच आहे.

विषय यंत्रशास्त्राचा असला, तरी आपल्या कुटुंबांपासून तो दूरचा नाही. बडोद्यातील आपल्या समाजाच्या मागील पिढ्या दप्तरात, शाळेत, न्यायालयात वा दरबारी नोकरीत रमल्या. १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, पाठोपाठ पेट्रोरसायनांचे उद्योग उभे राहिले, आणि आपल्या तरुणांच्या उपजीविकेची दिशा पालटली. आमच्यासारख्या शिक्षकांच्या हाताखालून गेलेली कितीतरी मुले आज फिटर आहेत, रिगर आहेत, ठेकेदाराकडे मुकादम आहेत. कारखाना दुरुस्तीसाठी काही आठवडे बंद ठेवतात, त्यास त्यांच्या बोलीत 'शटडाउन' म्हणतात. त्या दिवसांत ही मुले रात्रंदिवस पंप, झडपा व उष्णता-विनिमयकांचे नळजुडगे उचलण्या-बसवण्याच्या कामात असतात. ती कोणत्या हवेत काम करतात, हे त्यांच्या घरच्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

हवा केव्हा पेटते?

ज्वालाग्राही वायू वा वाफ हवेत मिसळली की प्रत्येक प्रमाणात ती पेटतेच असे नाही. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेट घेते; त्याहून कमी असल्यास इंधन अपुरे पडते, अधिक असल्यास प्राणवायू. कोळशाच्या खाणीतील मिथेनसाठी ही मर्यादा सुमारे ५ ते १५ टक्के आहे. हायड्रोजनची मात्र ४ पासून थेट ७५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे जवळजवळ कोणत्याही प्रमाणात तो धोकादायकच. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती जमिनीलगत, खड्ड्यांत व गटारांत साचते. मिथेन व हायड्रोजन हलके असल्याने छताखाली गोळा होतात. नाकाने वा डोळ्यांनी याचा भरवसा लागत नाही.

पेटण्यास लागणारी ऊर्जा तर आश्चर्य वाटावे इतकी अल्प असते. पेट्रोलच्या वाफेस एका ज्यूलच्या सुमारे चार-सहस्रांश भागाएवढी ठिणगी पुरते. हायड्रोजनला त्याच्याही दहाव्या हिश्शाहून कमी. नायलॉनचे वस्त्र अंगातून काढताना जो बारीक चटका बसतो, तो जाणवण्यासाठी याहून कितीतरी अधिक ऊर्जा लागते. म्हणजे जी ठिणगी आपल्याला कळतही नाही, तीही पेट्रोलच्या वाफेला पुरेशी होते.

वायूच कशाला, धान्याचे पीठ वा साखरेची धूळही असाच स्फोट घडवते. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथील प्रचंड पीठगिरणी २ मे १८७८ रोजी अशाच स्फोटात उद्ध्वस्त झाली व १८ माणसे दगावली. जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी १४ कामगार मृत्युमुखी पडले. वाहक पट्ट्याचे तापलेले बेअरिंग हे तेथील संभाव्य कारण ठरले. बेळगाव भागात साखर कारखान्यांशी निगडित असलेल्या आपल्या वाचकांनी हे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवावे.

साखळी-कप्पीच्या पोटात काय असते?

हाताने ओझे उचलण्याचे सर्वांत परिचित साधन म्हणजे साखळी-कप्पी. कारखान्यात तिला 'चेन-ब्लॉक' म्हणतात. लहान साखळी ओढली की दातेरी चाकांच्या योगाने मोठी साखळी संथपणे वर चढते. एकटा माणूस एक टन वजन उचलू शकतो. हात सोडला तरी ओझे खाली येत नाही, कारण पोटात घर्षणाच्या चकत्यांचा ब्रेक असतो. ओझे उतरवताना हाच ब्रेक ते क्षणोक्षणी रोखून धरतो, आणि ओझ्याची उतरती ऊर्जा त्या चकत्यांत उष्णता होऊन राहते.

थोडे अंकगणित करून पाहू. एक टनाचे ओझे तीन मीटर खाली उतरवले, तर सुमारे २९,००० ज्यूल उष्णता निर्माण होते. पेट्रोलच्या वाफेस लागणाऱ्या ठिणगीच्या ती अकरा-बारा कोटी पट आहे! मग प्रत्येक वेळी स्फोट का होत नाही? कारण ही उष्णता पुष्कळशा धातूत पसरते व संथपणे बाहेर पडते. ऊर्जा किती यापेक्षा ती किती लहान जागेत आणि किती थोड्या वेळात एकवटली, हा खरा प्रश्न असतो. म्हणून ओझे घाईने उतरवणे, एकाच कप्पीवर विश्रांती न देता फेरीमागून फेरी करणे, किंवा चकत्या झिजलेली कप्पी वापरणे, या तिन्ही गोष्टी तिच्या पोटातील उष्णता वाढवणाऱ्या आहेत. त्यावर पिठाचा वा कोळशाच्या भुकटीचा थर बसला असेल तर ती उष्णता बाहेरही पडत नाही. हे ध्यानात घेऊन साधनांच्या पृष्ठभागाचे कमाल तापमान सहा वर्गांत बांधून दिलेले आहे: टी-१ म्हणजे ४५० अंश सेल्सियस, तेथून उतरत टी-४ म्हणजे १३५ व टी-६ म्हणजे अवघे ८५ अंश.

दुसरा धोका आघाताचा. लोखंडी आकडा लोखंडी तुळईवर आपटला वा साखळी जाळीवरून घसटत गेली की ठिणगी उडते. त्यातही गंजलेले लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची गाठ फार वाईट. गंजातील प्राणवायू ॲल्युमिनियम हिसकावून घेते आणि त्या रासायनिक झटापटीत अतिशय तप्त ठिणगी निर्माण होते. हलकी म्हणून ॲल्युमिनियमच्या कवचाची कप्पी उचलून न्यावी आणि ती गंजलेल्या तुळईवर आदळावी, किंवा ॲल्युमिनियमचा रंग दिलेल्या गंजक्या खांबावर हातोडा बसावा, म्हणजे ही गाठ नेमकी पडते.

तिसरा धोका स्थिर विजेचा. नायलॉन वा पॉलिएस्टरच्या पट्ट्यात लोंबकळणारे लोखंडी ओझे जमिनीपासून विद्युतदृष्ट्या तुटलेले असते. वाफेच्या झोताने वा घर्षणाने त्यावर साठलेला भार जवळच्या नळीकडे उडी मारतो, आणि तीच ठिणगी. याकरिता ओझे, कप्पी व तुळई ही सर्व तारेने एकमेकांस व जमिनीस जोडावी लागतात. रंग, गंज व वंगण यांमुळे लोखंडी साखळीतूनही वाट तुटू शकते. म्हणून जोडणी मोजून पाहावी, आणि जमिनीपर्यंतचा रोध दहा लक्ष ओहमच्या आत असल्याची खात्री करावी.

पितळेची भूल

या धोक्यांवर उपाय म्हणून विशेष कप्प्या बनवतात. त्यांच्या आकड्यांवर काशाचा वा तांब्याचा मुलामा असतो, साखळी गंजरहित पोलादाची असते, आणि तुळईवरून धावणाऱ्या गाडीची चाके काशाची असतात. युरोपात १९९४ साली झालेल्या आणि १ जुलै २००३ पासून सक्तीने लागू झालेल्या नियमांनी, विजेवर न चालणाऱ्या साधनांनाही स्फोटक्षम जागेसाठी वेगळे प्रमाणित करणे आवश्यक केले. अशा साधनावर षट्कोनात 'ईएक्स' ही अक्षरे कोरलेली असतात व पुढे त्याचा वर्ग लिहिलेला असतो. जागांचेही वर्ग आहेत. जेथे वायू सतत वा दीर्घकाळ असतो तो झोन शून्य. नित्याच्या कामात अधूनमधून येण्याचा संभव असतो तो झोन एक. सहसा येत नाही, आला तर अल्पकाळ, तो झोन दोन. धुळीसाठी याच धर्तीवर वीस, एकवीस व बावीस हे क्रमांक आहेत. साधनावरची खूण आणि जागेचा वर्ग यांचा मेळ बसला पाहिजे. आपल्या देशात तेलक्षेत्रातील विद्युत साधनांची मान्यता नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संघटनेकडून घ्यावी लागते.

हे सारे आवश्यकच आहे. तथापि मुलामा म्हणजे कवचकुंडले नव्हेत. तो झिजतो व खरवडला जातो, आणि आतले पोलाद उघडे पडते. मऊ धातूत वाळूचे वा पोलादाचे कण रुतून बसतात व तेच पुढे ठिणगी पाडतात. शिवाय ॲसिटिलीन वायू जेथे असेल तेथे तांबे व तांब्याचे अधिक प्रमाण असलेले मिश्रधातू उलट घातक ठरतात; कारण दोहोंच्या संयोगाने आपोआप स्फोट पावणारे द्रव्य तयार होते. एका जागी तारणारी वस्तू दुसऱ्या जागी मारक होते, ती अशी.

इतिहासाने हा धडा फार पूर्वी देऊन ठेवला आहे. इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत २५ मे १८१२ रोजी स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मेली. त्यानंतर हंफ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८१५ साली आपला प्रसिद्ध दिवा सिद्ध केला. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी. जाळी उष्णता शोषून घेते आणि आतली ज्वाला बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. आजच्या 'फ्लेमप्रूफ' पेट्यांचे तत्त्वही याच्याच कुळातले आहे. पेटीत वायू शिरत नाही असे नाही. आत स्फोट झाला तर तो पेटीने सोसावा आणि अरुंद फटीतून बाहेर पडताना ज्वाला निवावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. डेव्हीने आपल्या शोधाचे पेटंटही घेतले नाही, इतका तो लोककल्याणार्थ होता. परंतु पुढे काय झाले? सुरक्षित दिवा हाती आला म्हणून, पूर्वी वायूच्या भयाने सोडून दिलेल्या खोल व धोकादायक भागांत माणसे उतरवली जाऊ लागली, वायुवीजनाकडे दुर्लक्ष झाले, जाळी फाटलेले दिवे वापरात राहिले, आणि स्फोट चालूच राहिले. दिव्यात दोष नव्हता. दिवा आहे म्हणून हवा शुद्ध करण्याचे कारण उरले नाही, हा समज घातक ठरला.

साखळी-कप्पीच्या बाबतीतही नेमके हेच सांगावयाचे आहे. ठिणगी न पाडणारे साधन हा शेवटचा बांध आहे. तो पहिला समजणे ही डेव्हीच्या दिव्याचीच पुनरावृत्ती होय.

'कोल्ड वर्क' हा शब्द

कारखान्यात कामाचा परवाना देताना कामाचे दोन भाग करतात. जोडकाम, कापकाम, घासकाम ही 'हॉट वर्क'; उचलणे, बसवणे, नट-बोल्ट सोडवणे ही 'कोल्ड वर्क'. थंड कामाची तपासणी साहजिकच सौम्य होते. परंतु वर वर्णन केलेली उष्णता, आघात व स्थिर वीज ही तिन्ही या थंड कामाच्याच पोटात दडलेली आहेत. शब्दाने मन निर्धास्त होते, वायूवर त्याचा परिणाम होत नाही.

म्हणून क्रम स्वयंपाकघराचाच ठेवावा. प्रथम उगम बंद: झडप बंद असल्याचे तोंडी सांगणे पुरेसे नाही, नळीत पोलादी आंधळी चकती बसवून तिला कुलूप व पाटी लावलेली असावी. मग वायू घालवणे: टाकी धुऊन, वाफ वा नायट्रोजन सोडून, नंतर ताजी हवा खेळवावी. मग मोजणे, आणि मोजणी एकदाच नव्हे, तर कामापूर्वी, विश्रांतीनंतर व काम चालू असतानाही. तळाशी, मध्ये आणि वरच्या भागात अशी तीन ठिकाणी. येथे एक खाचखळगा आहे. वायुमापकाचा नेहमीचा प्रकार आतल्या आत किंचित ज्वलन करून मोजमाप घेतो; त्यास प्राणवायू लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत, किंवा वाफ फारच दाट असलेल्या जागी, त्याचा काटा शून्याजवळ राहू शकतो आणि माणूस फसतो. म्हणून प्राणवायू आधी मोजावा, ज्वालाग्राही वायू नंतर. या कामी 'विश्वास पानिपतात गेला' हीच म्हण स्मरावी.

साधनाचा विचार या सर्वांनंतर करावा. कप्पीवर लिहिलेली भारमर्यादा वाचता येते का? आकडा उघडलेला तर नाही? त्याची पट्टी जागेवर आहे का? साखळी ताणून लांबलेली, पिळलेली वा गंजलेली नाही ना? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने उचल-यंत्रे, साखळ्या व दोर यांची निदान बारा महिन्यांतून एकदा जाणकाराकडून पूर्ण तपासणी करण्याचे आणि भारमर्यादा अंकित करण्याचे बंधन घातले होते. टाकीच्या आत नेण्याच्या हातदिव्यास २४ व्होल्टची मर्यादाही त्याच कायद्यात घालण्यात आली. कायद्यांची कलमे कालांतराने बदलतात. तपासणीची गरज बदलत नाही.

प्रत्यक्ष उचलताना साखळी एकाच माणसाने ओढावी. एकाच्या बळाने ओझे हलत नसेल आणि दुसऱ्यास हात लावावा लागत असेल, तर कप्पी अपुरी आहे वा ओझे कोठेतरी अडकले आहे, असे समजून थांबावे. दांड्याच्या रॅचेटला पाइपाचा तुकडा जोडून ताकद वाढवणे हे तर अनेक अपघातांचे मूळ होय. साखळी वरून खाली टाकू नये, दोराने सोडावी. ओझे संथपणे उतरवावे आणि आकडा हाताने सांभाळावा. तेलशुद्धीकरणातील जुन्या नळजुडग्यांवर लोहगंधकाचा थर असतो. तो कोरडा झाला की हवेच्या स्पर्शाने आपण होऊन पेटतो, म्हणून उचलताना ते जुडगे पाण्याने ओले ठेवावे.

आणखी एक गोष्ट विसरू नये. उचललेले ओझे स्वतःच वायूला वाट करून देऊ शकते. अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे ३० ऑक्टोबर १९८७ रोजी क्रेनवरील अवजड भाग निसटून हायड्रोजन फ्लोराइडच्या टाकीच्या नळ्यांवर पडला. नळ्या तुटल्या, विषारी मेघ गावाकडे निघाला व हजारो रहिवाशांना घरे सोडावी लागली. तो वायू ज्वालाग्राही नव्हता. तो तसा असता तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. भरलेल्या नळ्यांवरून ओझे नेऊ नये, हा नियम यासाठीच आहे.

शब्द समजण्याचा प्रश्न

मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून शेवटी भाषेविषयी दोन शब्द लिहितो. कामाचा परवाना बहुधा इंग्रजीत छापलेला असतो. ज्याने साखळी ओढावयाची तो तरुण मराठी, गुजराती वा हिंदी जाणतो. कागदावर मात्र तो न वाचता सही करतो. ज्या कागदाने त्याच्या जिवाचे रक्षण व्हावयाचे, तोच त्याच्यापुरता मुका राहतो. परवान्यातील मजकूर काम सुरू होण्यापूर्वी कामगाराच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्याच्याकडून तो परत म्हणवून घ्यावा. वर्गात आम्ही हेच करतो. पाठ ऐकवून मुलास तो कळला असे धरत नाही, त्याच्या तोंडून वदवून घेतो.

आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीही थोडे लक्ष घालावे. मुलगा शटडाउनच्या कामास निघाला की आपण डबा, पाणी व पगार यांची चौकशी करतो. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावे: आत जाण्याआधी हवा कोणी मोजली? आकडा कितपत तपासला? आणि तुला काही संशय आला तर साखळी सोडून बाहेर येण्याची मोकळीक आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यास ठाऊक नसतील, तर ती त्याने दुसऱ्या दिवशी विचारून यावी. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर मात्र घरच्यांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. मुकादमाची घाई मोठी असते, ठेकेदाराचा दंड मोठा असतो, आणि 'मोजल्याशिवाय साखळी ओढणार नाही' असे म्हणणारा तरुण बहुधा एकटा असतो. एका दिवसाचा रोज बुडाला तर घर चालते. एवढे त्याला घरातूनच आधी सांगून ठेवलेले असावे.